वगळलेल्या गोष्टींचा हिशेब

ॲबॅकस या फायनाइट एलिमेंट, म्हणजे रचनेचे छोटे तुकडे कल्पून गणित करणाऱ्या, सॉफ्टवेअरसोबत सोडवलेल्या उदाहरणांची एक जाडजूड पुस्तिका मिळते. त्यातल्या एका उदाहरणात काँक्रीटच्या गुरुत्व धरणाचे भूकंप-विश्लेषण पायरीपायरीने करून दाखवले आहे आणि ते धरण आपले कोयनेचे आहे. १०३ मीटर उंची, पायथ्याशी सुमारे ७० मीटर रुंदी, जलाशयाची पातळी ९१.७५ मीटर आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे नोंदवला गेलेला भूकंप, एवढ्या सामग्रीवर जगभरातले पदव्युत्तर विद्यार्थी काँक्रीट कसे फाटते हे संगणकावर शिकत असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना पाटण तालुका कुठे आहे हे ठाऊक असण्याचे काही कारण नाही. माझे आजोळ कऱ्हाडचे असल्यामुळे मला मात्र ते उदाहरण पहिल्यांदा उघडले तेव्हा जरा चमत्कारिकच वाटले. आमच्या घरात त्या पहाटेच्या आठवणी मांडणीवरची भांडी खाली कोसळण्यापासून सुरू होतात. पुस्तिकेत तीच पहाट दोन स्तंभांच्या तक्त्यात बसवलेली होती, एका स्तंभात वेळ आणि दुसऱ्यात त्वरण.

पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेल्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगरची बहुतांश घरे पडली आणि वीजनिर्मिती थांबल्यामुळे मुंबई-पुण्यापर्यंत अंधार झाला. धरण उभे राहिले. मात्र पाणी सांडव्यावरून न जाणाऱ्या उंच ब्लॉकांमध्ये, दोन्ही अंगांना, म्हणजे जलाशयाकडच्या वरच्या आणि पलीकडच्या खालच्या बाजूला, आडवे तडे गेले. हे तडे धरणाच्या पायथ्याशी गेले नव्हते. पायापासून सुमारे ६६.५ मीटर उंचीवर, जिथे खालच्या अंगाचा उतार एकाएकी बदलून धरण वर जवळजवळ सरळ उभे होते, त्या जागेच्या आसपास ते होते. आम्ही इंजिनिअर लोक या जागेला धरणाची मान म्हणतो. सांडव्याच्या ब्लॉकांना मात्र असे काही झाले नाही.

या प्रकरणातला दैवयोग असा की धरणाच्या आतल्या गॅलरीत त्वरणमापक यंत्र बसवलेले होते आणि ते त्या पहाटे चालू होते. त्याने धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ६३ टक्के, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ४९ टक्के आणि उभ्या दिशेने ३४ टक्के इतके कमाल त्वरण नोंदवले. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी गुरुत्वीय त्वरणाच्या ५ टक्के इतका आडवा जोर धरलेला होता. दख्खनचे पठार तेव्हा भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त मानले जाई आणि त्या काळाच्या समजुतीप्रमाणे ५ टक्के हा आकडा सावधपणाचाच होता. कोयनेच्या धक्क्यानंतर आय.एस. १८९३ या भारतीय मानकाची १९७० मध्ये सुधारणा झाली, भूकंपाचा शून्य झोन नकाशावरून गेला आणि कोयनेचा परिसर चौथ्या झोनमध्ये आला.

पण ५ आणि ४९ या दोन आकड्यांमधली तफावत हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग मला व्यवसायाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो. जुन्या पद्धतीत भूकंप म्हणजे धरणाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाच प्रमाणात लावलेला स्थिर आडवा जोर असे. त्या हिशेबात धरण हलत नाही. त्याला फक्त ढकलले जाते. माथा आणि पायथा एकाच त्वरणाने ढकलले जातात आणि त्यात वेळेला स्थान नाही. प्रत्यक्षात एवढे मोठे धरणसुद्धा स्वतःच्या लयीत झुलते. पुस्तिकेतल्या मॉडेलची पहिली नैसर्गिक वारंवारिता सेकंदाला १८.८६ रेडियन आहे, म्हणजे एका हेलकाव्याला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. जमिनीच्या हादऱ्यात ही लय सापडली की माथ्याकडचे त्वरण पायथ्याच्या कितीतरी पट होते.

कागदावर हा हिशेब पाच ओळींत होतो आणि तो मी मुद्दाम नवख्या इंजिनिअरांकडून करून घेतो. मानेजवळ धरणाची रुंदी १९.२५ मीटर आहे, माथ्याशी १४.८ मीटर, आणि मधली उंची ३६.५ मीटर. धरणाच्या एक मीटर लांबीमागे मानेच्या वरच्या भागाचे वजन सुमारे १,६४० टन भरते आणि त्यामुळे मानेवर चौरस मिलिमीटरला साधारण ०.८ न्यूटन इतका दाब असतो. आता पाणी क्षणभर बाजूला ठेवून या वरच्या भागाला वजनाच्या ५ टक्के आडवा जोर लावला, तर वाकण्यामुळे येणारा ताण भरतो ०.२३ न्यूटन. दाब त्याच्या साडेतीनपट आहे, म्हणजे काँक्रीटला ताण जाणवणारच नाही. जलाशयाच्या पाण्याचा आडवा रेटा धरला तरी दाब थोडा शिल्लक राहतो. पण हाच वरचा भाग झुलताना सरासरी गुरुत्वीय त्वरणाइतक्याच त्वरणाने फेकला जात असेल, तर तोच ताण ४.५ न्यूटनांवर जातो, दाब वजा करूनही ३.७ उरतो आणि पुस्तिकेत त्या काँक्रीटची ताणशक्ती धरली आहे २.९. तडा मानेवर का गेला, याचे पहिले उत्तर इथेच मिळते. संगणक अजून सुरूही केलेला नाही.

संगणकावरचे उत्तर बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आले. अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी कोयनेच्या ब्लॉकचे फायनाइट एलिमेंट मॉडेल करून, नोंदवलेल्या धक्क्याखाली त्याचे क्षणाक्षणाचे वर्तन काढले आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध केले. मानेजवळचे ताण काँक्रीटच्या ताकदीच्या पार पलीकडे गेलेले त्यात दिसले आणि सांडव्याचे ब्लॉक का वाचले हेही कळले. जुना हिशेब करणाऱ्यांची बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. त्यांच्या मॉडेलमध्ये धरणाचे झुलणेच नव्हते, आणि जे मॉडेलमध्ये नाही ते उत्तरात कुठून येणार?

फायनाइट एलिमेंट पद्धतीचा धरणांशी असलेला संबंध कोयनेच्याही आधीचा आहे. १९५० च्या दशकात विमानांच्या त्रिकोणी पंखांचा कडकपणा कसा मोजावा, या बोइंग कंपनीच्या प्रश्नातून टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा १९५६ चा शोधनिबंध जन्माला आला. रे क्लफ यांनी १९६० मध्ये पद्धतीला आजचे नाव दिले. आणि स्थापत्य अभियांत्रिकीतला तिचा पहिला मोठा उपयोग झाला तो अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या नॉरफोर्क धरणासाठी. त्या धरणाच्या पोटात बांधकामाच्याच काळात उभा तडा गेला होता, आणि तो तडा धरून धरण किती सुरक्षित आहे हे क्लफ आणि त्यांचे विद्यार्थी एडवर्ड विल्सन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तपासले. याच विल्सन यांच्या सॅप आणि टॅब्ज या प्रोग्रामांचे वंशज आज पुण्या-मुंबईच्या प्रत्येक स्ट्रक्चरल ऑफिसात सॅप २००० आणि ईटॅब्स या नावांनी दिवसभर चालू असतात. रचनेचे योग्य आदर्शीकरण करणे, म्हणजे तिला गणितासाठी योग्य सोपे रूप देणे, आणि निकालांची जबाबदारी घेणे हे इंजिनिअरचे काम आहे, असे विल्सन यांनी १९७० मध्येच आपल्या प्रोग्रामच्या प्रस्तावनेत बजावून ठेवले होते. आजच्या लायसन्स-करारातही याच अर्थाचे वाक्य असते, पण तिथे ते कंपनीच्या वकिलाने लिहिलेले असते.

पद्धत तशी सरळ आहे. सलग पदार्थाचे छोटे तुकडे कल्पायचे. प्रत्येक तुकड्यातले विस्थापन एखाद्या सोप्या नियमाने, सरळ रेषेत किंवा वर्गसूत्राने, बदलते असे गृहीत धरायचे. तुकडे ठरलेल्या बिंदूंपाशी, म्हणजे नोडपाशी, एकमेकांना जोडायचे. आणि प्रत्येक नोडवर बलांचा तोल साधणारी हजारो समीकरणे एकदम सोडवायची. या समीकरणांतून थेट हाती येते ते विस्थापन. ताण नंतर, विस्थापनाच्या बदलाच्या दरावरून, काढले जातात आणि म्हणून ते नेहमी विस्थापनापेक्षा कमी भरवशाचे असतात. शेजारच्या दोन तुकड्यांनी एकाच नोडवर ताणाचे दोन वेगळे आकडे द्यावेत यात नवल नसते. सॉफ्टवेअर त्यांची सरासरी काढते आणि पडद्यावर निळ्यापासून लालपर्यंत वाहत जाणारे गुळगुळीत रंग दाखवते. हे रंग क्लायंटला फार आवडतात आणि प्रेझेंटेशनमध्ये ते हमखास मागितले जातात. माझ्या मते सरासरीचे बटण बंद केल्यावर दिसणारे तुटक, ठिगळे लावल्यासारखे चित्र जास्त प्रामाणिक असते, कारण ठिगळांच्या कडांवर रंग जिथे उड्या मारतो, तिथे मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, अपुरा आहे हे ते स्वतःच सांगते.

कोयनेचा ब्लॉक मी हौसेने स्वतः उभा केला. पुस्तिकेत ७६० चौकोनी एलिमेंट आहेत. मी त्याहून खूप जाड मेशपासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्याने बारीक करत गेलो. काँक्रीट तडकणारे न धरता साधे लवचिक धरले होते आणि भूकंपाऐवजी साधा आडवा जोर लावला होता. माथ्याचे विस्थापन दोन-तीन टप्प्यांतच स्थिरावले. मानेच्या कोपऱ्यातला ताण मात्र स्थिरावेना. मेश बारीक केला की तो वाढे, आणखी बारीक केला की आणखी वाढे. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. आत वळणारा तीक्ष्ण कोपरा असेल तर लवचिकतेच्या सिद्धांतानुसार तिथला ताण अनंतच असतो आणि संगणक बापडा त्या अनंताच्या दिशेने इमानेइतबारे चालत असतो. तेव्हा ‘मानेवरचा कमाल ताण किती?’ या प्रश्नाला या मॉडेलमध्ये उत्तरच नाही. तरीही कोणत्याही एका मेशवर थांबलो असतो तर सॉफ्टवेअरने दशांशाच्या तीन स्थळांपर्यंतचा आकडा छापून दिला असता आणि तो कोणीही अहवालात घातला असता.

पुस्तिकेतले उदाहरण ही अडचण ओळखून पुढे जाते. तिथे काँक्रीट फाटू दिले आहे आणि फाटताना लागणारी ऊर्जा तड्याच्या क्षेत्रफळाशी बांधली आहे, म्हणजे मेश लहान-मोठा केला तरी फाटण्याचा खर्च तोच राहतो. मग तडा मानेजवळ खालच्या अंगाने सुरू होतो आणि वळत वळत आत जातो, जवळपास प्रत्यक्षात दिसला तसा. आणि दहा सेकंदांच्या धक्क्याअखेरीस धरण उभेच असते. मला त्या उदाहरणात सर्वांत जास्त आवडते ते त्याचे सुरुवातीचे पान. त्यावर काय काय सोडून दिले आहे ते स्पष्ट लिहिलेले आहे. पाया ताठ धरला आहे, म्हणजे धरण आणि खडक यांच्यातली देवाणघेवाण सोडली आहे. ब्लॉक सांध्यांपाशी स्वतंत्रपणे हलतात असे मानून द्विमितीय मॉडेल केले आहे. जलाशयाचे पाणी वेस्टरगार्ड यांच्या सूत्राने धरणाच्या अंगाला चिकटवलेले जादा वस्तुमान म्हणून घेतले आहे, म्हणजे पाण्यातून फिरणाऱ्या दाबलहरी सोडल्या आहेत. वरच्या अंगाचा किंचित तिरकेपणाही सोडून ते सरळ उभे धरले आहे. वाचणाऱ्याला या चारही गोष्टींशी वाद घालता येतो. आमच्या ऑफिसांमधून बाहेर पडणाऱ्या शेकडो पानी अहवालांमध्ये प्रत्येक बीमचा प्रत्येक लोड कॉम्बिनेशनमधला मोमेंट (वाकवणारा परिणाम) असतो, हे पान मात्र बहुधा नसते.

ज्या ताणाला उत्तर होते, पण मेशने ते दिले नाही, असे प्रकरण नॉर्वेतले आहे. स्लाइप्नर-ए नावाच्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये, वरचा डेक बसवण्याआधीच्या चाचणीसाठी, पाणी भरून हळूहळू खाली उतरवला जात होता. २४ दंडगोल एकमेकांना जोडून तयार झालेल्या या पायात, तीन दंडगोल जिथे भेटतात तिथे मधे त्रिकोणी पोकळी राहते, आणि त्या पोकळीत समुद्राचे पाणी पूर्ण दाबाने उभे असते. त्या पोकळीची भिंत सुमारे ६५ मीटर खोलीवर फुटली. आत शिरणारे पाणी पंपांना उपसता येईना. सगळा पाया फ्योर्डच्या तळाशी आदळून त्याचा चुरा झाला आणि त्या आदळण्याची नोंद भूकंपमापकांवर ३.० रिश्टर अशी झाली. सुदैवाने कोणी दगावले नाही. नुकसान मात्र सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले.

चौकशीत असे निघाले की नॅस्ट्रान या नावाजलेल्या प्रोग्रामवर केलेल्या विश्लेषणात त्रिकोणी पोकळीजवळचा मेश फार जाड होता आणि तिथले एलिमेंट वेडेवाकडे ताणलेले होते. परिणामी भिंतीतला कातरबल, म्हणजे तिला कातरू पाहणारा जोर, ४७ टक्क्यांनी कमी दिसला. त्या कमी आकड्यावर भिंतीची जाडी ठरली, शिवाय त्याच भागातल्या टी-आकाराच्या डोक्याच्या सळया तोकड्या पडल्या. नंतर अधिक काळजीने केलेल्या विश्लेषणाने अशी भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे सांगितले. ती फुटली ६५ वर. म्हणजे योग्य उत्तर देण्याची क्षमता पद्धतीत पुरेपूर होती. नव्या पायाचे काम तातडीने सुरू करायचे होते आणि संगणकीय विश्लेषण नव्याने होईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते, तेव्हा अनुभवी अभियंत्यांनी हाताने हिशेब करून आराखडा पुढे नेला. १९९३ मध्ये स्लाइप्नरमधून वायू येऊ लागला. हाताने केलेल्या हिशेबाचे कौतुक म्हणून ही हकिगत नेहमी सांगितली जाते, पण त्या अभियंत्यांनी काय केले असेल ते बघण्यासारखे आहे. पोकळीची भिंत म्हणजे दोन टोकांना धरलेला, पाण्याचा दाब सोसणारा आखूड बीम, आणि त्याच्या टोकाचा कातरबल म्हणजे दाब गुणिले निम्मा गाळा (गाळा म्हणजे दोन आधारांमधले अंतर). ६५ मीटर पाण्याचा दाब चौरस मीटरला साधारण ६५ टन. एवढेच गणित.

धरण आणि समुद्रातले प्लॅटफॉर्म हे माझे रोजचे काम नाही. माझे रोजचे काम पुण्याच्या कडेकडेने वाढणाऱ्या इमारती हे आहे, आणि तिथे मॉडेलमधून वेळ निसटण्याचा प्रकार वेगळ्या रूपात रोज भेटतो. खाली तीन मजले पार्किंग आणि वर फ्लॅट अशी रचना असली की वरच्या भिंतींत लपणारे कॉलम खाली गाड्यांच्या वळणात येतात. मग ते मधेच तोडून एका मोठ्या ट्रान्सफर गर्डरवर उभे करतात. भारतीय भूकंप-मानकाला असले तरंगते कॉलम मुळीच पसंत नाहीत, आर्किटेक्टला मात्र फार आवडतात, आणि इंजिनिअर या दोघांच्या मधे बसलेला असतो.

अशा इमारतीचे मॉडेल ईटॅब्समध्ये करून नुसते रन केले, तर सॉफ्टवेअर असे समजते की वरचे सगळे मजले आधी वजनाशिवाय, पूर्ण कडकपणासह उभे आहेत आणि मग गुरुत्वाकर्षण एकदम सुरू झाले. साहजिकच गर्डर खाली वाकू लागला की वरच्या प्रत्येक मजल्यावरचे बीम तरंगत्या कॉलमला शेजारच्या अखंड कॉलमांकडून धरून ठेवतात. गर्डरचा मोमेंट कमी दिसतो, वाकणेही कमी दिसते, आणि ड्रॉइंगवरचे स्टील त्या मानाने कमी होते. साइटवर मात्र गर्डर ओतला जातो तेव्हा त्याच्या वर आकाश असते. पहिला स्लॅब पडतो तेव्हा दुसरा नसतो. प्रत्येक मजल्याचे ओझे त्या क्षणी खाली जे काही उभे आहे त्यानेच पेलायचे असते आणि वरच्या बीमांची मदत येते ती त्यांच्या नंतरच्या ओझ्यापुरती. ही क्रमवारी सांगण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, मजला-मजला बांधत जाणारे विश्लेषण त्यात काही क्लिकमध्ये होते, पण ते मागितल्याशिवाय होत नाही. दोन्ही प्रकारे रन करून गर्डरचे मोमेंट शेजारी शेजारी ठेवले की त्यांतला फरक पाहून नवखा इंजिनिअर गप्प होतो. वरच्या मजल्यांवर त्या कॉलमजवळच्या बीमांमध्ये एकदम-रनमध्ये दिसणारे विचित्र उलटे मोमेंटही क्रमवारीच्या रनमध्ये बरेचसे विरतात.

‘सर, मॉडेल रन झालं, एकही एरर नाही,’ असे मला कोणी येऊन सांगितले की मी आधी वॉर्निंगची यादी मागतो आणि मग रिॲक्शनची बेरीज. सगळ्या सपोर्टवरच्या उभ्या प्रतिक्रियांची बेरीज आणि हाताने काढलेले इमारतीचे वजन जुळले पाहिजे. जुळले नाही तर कुठेतरी किलोन्यूटनच्या जागी टन गेले आहे किंवा एखाद्या स्लॅबवर लोडच नाही. मग मधल्या एखाद्या साध्या बीमचा मोमेंट घेऊन त्याची गाळ्याच्या वर्गाच्या सूत्राशी तुलना, मग विकृत आकाराचे ॲनिमेशन. एखादा कॉलम बीमला नुसता टेकलेला दिसतो पण नोड जोडलेला नसतो, तो ॲनिमेशनमध्ये लगेच एकटाच डुलताना पकडला जातो. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. तो अर्धा तास वाचवणाऱ्या ऑफिसांविषयी मला काही बोलायचे नाही.

काही ठिकाणी वगळण्याचा निर्णय मानकानेच घेऊन ठेवला आहे. आय.एस. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार भूकंपाच्या विश्लेषणात काँक्रीटच्या बीमचा कडकपणा अखंड छेदाच्या ३५ टक्के आणि कॉलमचा ७० टक्के धरायचा असतो, कारण काँक्रीट तडकलेले असणार हे गृहीतच आहे. कोणताही खरा बीम बरोबर ३५ टक्के नसतो. पण इथे निदान सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच प्रमाणात सोडली आहे आणि ती छापील आहे.

जमिनीच्या बाबतीत असा आधार मिळत नाही. राफ्ट फाउंडेशनच्या, म्हणजे सगळ्या इमारतीखालच्या एकाच सलग स्लॅबच्या पायाच्या, मॉडेलमध्ये जमीन म्हणजे राफ्टखाली उभ्या केलेल्या स्वतंत्र स्प्रिंगांची रांग असते आणि त्या स्प्रिंगचा कडकपणा भू-तपासणीच्या अहवालातून एका आकड्यात येतो. हा आकडा एकट्या मातीचा गुणधर्म नाही. पायाचा आकार बदलला की तोही बदलतो, आणि फूटभर रुंदीच्या प्लेटच्या चाचणीतला आकडा तीस मीटरच्या राफ्टला तसाच लावता येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की स्प्रिंगला शेजारची स्प्रिंग दिसत नाही. लवचिक राफ्टवर सगळीकडे सारखे ओझे ठेवले तर स्प्रिंगांवरचा राफ्ट सगळीकडे सारखाच खचतो आणि त्यात मोमेंट शून्य येतो. खऱ्या मातीत एका ठिकाणचे ओझे शेजारची मातीही खाली ओढते, त्यामुळे मध्यभाग जास्त खचतो, राफ्ट थाळीसारखा होतो आणि मोमेंट येतो. म्हणून आम्ही कडेच्या स्प्रिंग मधल्यांपेक्षा ताठ धरतो; किती ताठ, यावर दोन इंजिनिअरांचे एकमत मी क्वचितच पाहिले आहे.

अलीकडे बाणेरकडच्या एका कामात प्रूफ-चेकिंगला, म्हणजे आमचा आराखडा स्वतंत्रपणे तपासायला, बसलेले ज्येष्ठ गृहस्थ आणि आम्ही, दोघांकडे एकच सॉफ्टवेअर, एकच भू-अहवाल आणि एकच ओझे असूनही राफ्टच्या स्टीलमध्ये चांगलाच फरक आला. त्यांनी अहवालातला आकडा सरसकट लावला होता; आम्ही कडेला वाढवला होता. बिल्डरच्या प्रतिनिधीला दोघांतले बरोबर कोण एवढेच हवे होते आणि त्याची घाई रास्त होती, कारण खाली खड्डा उघडा पडला होता आणि जून तोंडावर आला होता. त्या ज्येष्ठांनीच सुचवल्याप्रमाणे आम्ही अहवालातल्या आकड्याच्या निम्मा, तोच आणि दुप्पट असे तीन रन घेतले, शिवाय कडा ताठ धरलेला एक. खालच्या थराचे स्टील कॉलमांच्या पट्ट्यात चारही रनमध्ये जवळपास तेवढेच राहिले. बदलले ते मधल्या गाळ्यांतले वरच्या थराचे, आणि तेही इमारतीच्या गाभ्याच्या दोन बाजूंनाच. तेवढ्या भागात चौघांतला सर्वांत मोठा आकडा घेऊन सळई १६ ची २० मिलिमीटर केली, चारही रनची गृहीतके ड्रॉइंगच्या टिपेत लिहिली आणि दुसऱ्या दिवशी बार-बेंडिंगचे वेळापत्रक साइटवर गेले.